लिपी, यंत्र आणि सोय

देवनागरी लिपीच्या सुधारणेची चर्चा आपल्याकडे बहुधा उपयुक्ततेच्या अंगाने झाली. वस्तुतः तिच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न आहे. लिपी आणि यंत्र यांचा मेळ बसत नसेल, तर कोणी कोणासाठी बदलावे?

शिशाच्या खिळ्यांच्या काळात हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. जोडाक्षरे, मात्रा, रफार यांमुळे देवनागरीला शेकड्यांनी वेगवेगळे खिळे लागत. जुळारी तासन्‌तास उभा राहून, उलटी अक्षरे वाचत, घराघरांतून एकेक खिळा वेचीत असे. निर्णयसागरचे जावजी दादाजी आणि ठसे कोरणारे राणोजी रावजी आरू यांनी धातूला अक्षराच्या वळणापुढे नमविले. परंतु त्या सौंदर्याची किंमत जुळाऱ्याच्या पाठीने मोजली. लिपीत फेरफार म्हणजे परंपराद्रोह, असे म्हणणाऱ्यांना ही पाठ क्वचितच दिसली.

उलट, टिळकांनी खिळ्यांची संख्या घटविण्याचा केलेला खटाटोप किंवा सावरकरांनी पुरस्कारलेली ‘अि, अी, अु, अू’ ही अ-ची बाराखडी यांना केवळ यंत्रशरणता म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र ‘यंत्राची गरज’ हा शब्दप्रयोग फसवा आहे. यंत्राला गरज नसते. गरज असते ती ते चालविणाऱ्याची, किंवा त्यात पैसा गुंतविणाऱ्याची. १९५३ च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या उजवीकडे नेण्याची शिफारस केली. ती रुजली नाही. सोय एकाची आणि वाचनाची सवय मोडण्याचा भार मात्र साऱ्या वाचकांवर, असा तो व्यवहार होता.

आज युनिकोडमध्ये ऱ्हस्व इकार व्यंजनानंतर साठविला जातो आणि दिसतो मात्र व्यंजनाआधी. यंत्राचा क्रम यंत्रापाशी राहिला, वाचकाचा वाचकापाशी. ज्या अडचणीला आपण लिपीचा दोष मानले, ती एका विशिष्ट तंत्राची मर्यादा होती, हे यातून उघड होते. तथापि या निवाड्याने जुळाऱ्याचे कष्ट मागाहून खोटे ठरत नाहीत. ती मर्यादा त्याने जन्मभर सोसली होती.

म्हणून सुधारक आणि परंपरानिष्ठ या दोघांनाही एकच प्रश्न विचारला पाहिजे: ही सोय कोणाची, आणि तिचे मोल कोण देतो? तो टाळून केलेला लिपिविचार अपुराच राहील.