वंशाभिमान की वंशऋण?

मनुष्याचे आत्मिक मोल त्याच्या पूर्वजांवरून ठरते काय? प्रश्न जुना आहे. तथापि आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत, विशेषतः सोयरीक जुळविताना, तो अजून उभा राहतो. म्हणून त्याविषयी दोन शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

नागपुरातील जरीपटका ही वस्ती पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. मराठ्यांच्या निशाणाचे नाव धारण करणाऱ्या या वस्तीत, सन १९४७ च्या फाळणीनंतर, सिंध प्रांतातून निर्वासित झालेली बहुत कुटुंबे येऊन राहिली. घरे, शेते, दुकाने मागे राहिली. पण एक ठेवा कोणास हिरावून घेता आला नाही. सिंधी लोकांच्या अनेक आडनावांच्या शेवटी 'आनी' हा प्रत्यय असतो. तो बहुधा मूळपुरुषाच्या नावास लागून 'अमक्याचे वंशज' असा अर्थ दर्शवितो. आम्हां मराठी लोकांचा 'कर' गावाची आठवण देतो. त्यांचा 'आनी' पूर्वजाची देतो. गाव सुटले, पण पूर्वज सुटला नाही. सर्वस्व गेलेल्यांस आपण कोणाचे हे ठाऊक असणे, हा केवढा आधार!

परंतु जरीपटक्याच्या शेजारीच इंदोरा ही बौद्ध बांधवांची वस्ती आहे. याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला, आणि जन्मावरून माथी मारलेला हीनपणा झुगारून दिला. पूर्वज टाकले नाहीत. पूर्वजांवर लादलेले जू टाकले. एकास जो वंश आधार, तोच दुसऱ्यास ओझे का व्हावा?

आमच्या मते वंश ही मिळकत नव्हे, व कलंकही नव्हे. ते ऋण आहे. मिळकत मानणारास गर्व चढतो, कलंक मानणारास लाज वाटते; ऋण मानणारा मात्र नम्र होतो व फेडीस लागतो. मत्तयाने प्रभूची वंशावळी लिहिताना तामार, राहाब व मवाबी रूथ यांची नावे गाळली नाहीत. त्या राजांच्या पंक्तीस बसल्या आहेत. पौलाने तीमथ्यास आजी लोईस व आई युनीके यांच्या विश्वासाची आठवण दिली; पण कृपादान प्रज्वलित करण्याचे काम त्याच्यावरच सोपविले. विश्वासाचे उदाहरण वारशाने मिळते, विश्वास मिळत नाही.

असे असता, आजोबा गावकीची हलकी मानलेली कामे करीत, हे मुलांपासून लपविणारे आईबाप आमच्यांत आहेत. आणि वराच्या शीलाआधी त्याचे मूळ पुसणारेही आहेत. दोघेही एकाच खोट्या मापाने माणूस मोजतात.

वाचकहो, आमची विनंती इतकीच. घरातील पवित्र शास्त्राच्या कोऱ्या पानावर आपल्या वडीलधाऱ्यांची नावे लिहा. आज्या-पणज्यांची विसरू नका. प्रत्येक नावापुढे त्यांनी काय सोसले व आपणांस कोणते चांगले दिले, हे एका ओळीत लिहून मुलांस वाचून दाखवा. शेवटी थोडी जागा रिकामी ठेवा. तेथे आपली नातवंडे आपल्याविषयी लिहितील.