क्षीण रेषांसाठी प्रार्थना

हे परमेश्वरा,

वैशाखातल्या मध्यरात्री मुळशीच्या आकाशात विशाखा नक्षत्र दक्षिणेकडे उंच येते. त्याच्याच आसपास तुझा एक फार जुना तारा आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, साध्या द्विनेत्रीतून दिसतो. आमच्या यादीत त्याची नोंद एचडी १४०२८३ अशी आहे. सूर्यातल्या लोहाच्या जेमतेम अडीचशेवा हिस्सा लोह त्याच्याकडे आहे. त्याच्यासाठी, त्याच्याहूनही गरीब असलेल्या ताऱ्यांसाठी आणि त्यांची मोजदाद करणाऱ्या माणसांसाठी आम्ही तुझ्यापुढे हात जोडून उभे आहोत.

आरंभी तू हायड्रोजन दिलास, हेलियम दिलास आणि लिथियमचा जरासा अंश दिलास. बाकीचे बहुतेक सारे ताऱ्यांनी घडवले. पहिले प्रचंड तारे थोडे जगले आणि फुटून जाताना कार्बन, ऑक्सिजन, कॅल्शियम, लोह आकाशात सांडून गेले. त्या सांडलेल्यातून पुढची पिढी जन्मली. त्यांतले लहान तारे सावकाश जळतात, म्हणून ते अजून जिवंत आहेत आणि जन्माच्या वेळचा वायू त्यांच्या बाह्य थरांत जवळपास तसाच आहे. या ताम्हिणीच्या डोंगरांतले लोह, आमच्या हाडांतला चुना, इंद्रायणी तांदळाच्या दाण्यातला कार्बन त्याच वाटेने आमच्यापर्यंत आला. देवा, या देण्याबद्दल आम्ही तुझे ऋणी आहोत.

ज्यांना तू ही वाट दाखवलीस त्यांच्याबद्दलही ऋणी आहोत. १९२० साली मेघनाद साहांनी समीकरण मांडले आणि ताऱ्याच्या प्रकाशाच्या वर्णपटातली काळी रेषा ठळक की फिकट, यात तापमानाचा वाटा किती आणि द्रव्याचा किती हे निराळे करता येऊ लागले. १९२५ साली सेसिलिया पेन यांनी त्याच आधारे दाखवले की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत. १९५१ साली चेंबरलेन आणि ॲलर यांनी या विशाखेजवळच्या ताऱ्यातच धातू कमी असल्याचे दाखवले आणि सगळे तारे एकाच घडणीचे ही समजूत मोडली. १९५७ साली बर्बिज दांपत्य, फाउलर आणि हॉइल यांनी मूलद्रव्ये ताऱ्यांत कशी घडतात ते सविस्तर मांडले. त्या हॉइलांचे शिष्य जयंत नारळीकर पुण्यात आले आणि १९८८ साली इथे ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली. महास्फोटाचा सिद्धांत जगाने मानला तरी नारळीकर त्याला अखेरपर्यंत प्रश्न विचारत राहिले. उत्तर कितीही सर्वमान्य असो, ते पुन्हा तपासण्याची त्यांची निर्भयता इथल्या मुलामुलींना दे.

लडाखात हानले इथे आणि जुन्नरजवळ गिरवली इथे दोन-दोन मीटरच्या दुर्बिणींपाशी जे रात्र जागवतात, त्यांना धीर दे. मंद ताऱ्याचा मूठभर प्रकाश वर्णपटात पसरला की आणखी विरळ होतो. त्यातली बेरियमची, युरोपियमची रेषा कधी कधी पार्श्वभूमीच्या थरथरीपासून वेगळी ओळखता येत नाही. अशा वेळी त्यांच्या मनातली इच्छा कागदावर उतरू देऊ नकोस. रेषा दिसली नाही तर त्यांच्या हातून शून्य लिहिले जाऊ नये. ‘याहून कमी’ असे लिहिले जावे. २०१४ साली दक्षिण आकाशातल्या एका ताऱ्यात लोहाची एकही रेषा सापडली नाही. सूर्यातल्या लोहाच्या दहा लाखाव्या हिश्शाइतकेही लोह त्याच्यात नसावे. तरी मोजणाऱ्यांनी लोह नाही असे म्हटले नाही, फक्त वरची मर्यादा सांगितली. ही शुद्ध बुद्धी तुझीच देणगी आहे. ती आम्हा सगळ्यांना दे.

जे मोजले त्याच्या शेजारी किती पुढेमागे होऊ शकते तेही लिहिण्याचा प्रामाणिकपणा दे. २०१३ साली एचडी १४०२८३चे वय सुमारे १,४४६ कोटी वर्षे निघाले. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी. पण ताऱ्याच्या वयाबरोबर ‘८० कोटी पुढेमागे’ असेही लिहिलेले होते, म्हणून कोणाला खोटे ठरवावे लागले नाही. त्या ताऱ्यात ऑक्सिजन किती, यावरही त्याचे वय ठरते. एक फिकी रेषा नीट वाचली गेली तर विश्वाचा हिशेब जुळतो. ती नीट वाचली जावो.

मुळशीसाठीही मागतो. या खोऱ्यातली गावे धरणाखाली जाऊ नयेत म्हणून १९२१ साली शेतकरी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला उभे राहिले. गावे तरीही बुडाली. धरणाचे पाणी डोंगराखाली भिऱ्याला उतरले, त्याची वीज झाली आणि मुंबईत दिवे लागले. आज आमच्याच तालुक्यात हिंजवडीचे दिवे रात्रभर जळतात आणि पूर्वेचे आकाश फिके पडत चालले आहे. कामाला दिवे हवेत, हे तू जाणतोस; पण प्रकाश जमिनीकडे वळवण्याची आणि आकाशाचा अंधार राखण्याची समज आम्हाला दे. बुडालेली गावे दिसत नाहीत म्हणून त्यांचा हिशेब शून्य धरला जाऊ नये, याचीही समज दे.

ज्याच्याकडे सर्वांत कमी आहे, त्याच्याजवळ तू सर्वांत जुनी आठवण ठेवलीस. देवा, कमी असलेल्याकडे अधिक वेळ, अधिक काळजीने पाहण्याची सवय आम्हाला लाव. आम्ही मोजू ते खरे असो, आणि जे आम्हाला मोजता आले नाही ते आमच्या वहीत ‘नाही’ म्हणून कधी लिहिले न जावो.