अपेक्षाभंग : वाचकाचा हक्क की रसविघ्न?

'या कादंबरीने निराशा केली' हे वाक्य आपल्या परीक्षणांतून इतक्या सहजपणे येते की त्याच्या तार्किक स्वरूपाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वरवर पाहता ते कृतीविषयीचे विधान आहे. परंतु उच्चारणाऱ्याच्या मनात निराशा करणारी कादंबरी नसते, लेखक असतो. अपरिचित लेखकाची सुमार कादंबरी आपण मिटून ठेवतो आणि विसरून जातो. तिच्यासाठी 'कंटाळवाणी', 'उथळ', 'फसलेली' असे शब्द पुरतात. 'निराशा' हा शब्द मात्र पूर्वसंबंधाशिवाय वापरता येत नाही. कोणीतरी काही देऊ केले होते आणि ते दिले नाही, असा एक नैतिक आक्षेप त्यात दडलेला असतो. हा आक्षेप घेण्याचा अधिकार वाचकाला मिळतो कोठून?

बार्थने लेखकाचा मृत्यू जाहीर केल्याला अर्धशतक उलटून गेले. फूकोने १९६९ मध्ये लेखक म्हणजे हाडामांसाची व्यक्ती नसून संहितांना एकत्र बांधणारे एक 'कार्य' आहे, अशी मांडणी केली. हे सारे वर्गात शिकवणारी मंडळीच २०१० च्या जुलैमध्ये 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' प्रसिद्ध झाल्यावर, नेमाड्यांनी आपली निराशा केली की नाही, यावर हिरीरीने भांडत होती. यात सिद्धान्त आणि व्यवहार यांची फारकत दिसते खरी, पण फूकोच्या मांडणीत तिला जागा आहे. लेखकाचे नाव जर अनेक संहितांना एका सूत्रात ओवत असेल, तर त्या सूत्राबद्दलची वाचकाची अपेक्षा ही त्या नावाच्याच कार्याचा भाग ठरते. आपण निराश होतो ते वेन बूथच्या परिभाषेतल्या 'गर्भित लेखका'च्या बाबतीत. एका पुस्तकात भेटलेला तो गृहस्थ दुसऱ्या पुस्तकात ओळख देत नाही, ही ती तक्रार असते.

'कोसला' १९६३ साली आली तेव्हा तिचा लेखक पंचविशीत होता. 'हिंदू' तिच्यानंतर ४७ वर्षांनी आली. मध्ये १९७५ च्या 'बिढार'पासून १९७९ च्या 'झूल'पर्यंत चांगदेव पाटलाचे चतुष्टय आहे. त्याने निराश झालेल्यांचीही एक पिढी होती, पण तो विषय येथे बाजूला ठेवू. 'कोसला'ने वाचकाला काय दिले, हे आधी नीट पाहिले पाहिजे. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर स्वतःविषयी बोलतो, पण आपल्या बोलण्याच्या अंतिमतेवर त्याचा विश्वास नाही. त्याचे 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' हे लकबीचे शब्द म्हणून गाजले, त्यांची नक्कलही पुष्कळ झाली. वास्तविक ते ज्ञानविषयक शब्द आहेत. विधान पुरे करण्यास नकार देणारे, पुरे केलेच तर ते अनेकांतले एक म्हणून पुढे ठेवणारे. म्हणूनच मनीच्या मृत्यूपाशी ही थट्टेखोर भाषा अपुरी पडते तेव्हा ते अपुरेपण वाचकाला खरे वाटते. आपल्याला कळत नाही हे ज्याने पानोपानी कबूल केले आहे, त्याच्या दुःखावर विश्वास ठेवायला आपण तयार असतो. या कादंबरीने वाचकाला नवी भाषा दिली, असे नेहमी म्हटले जाते. त्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की, तिने ठामपणाबद्दलचा एक संशय दिला.

'हिंदू'चा खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननापासून मरणासन्न वडिलांच्या मोरगावापर्यंतचा त्याचा प्रवास हा कादंबरीचा सांगाडा, आणि त्यावर जाती, पंथ, शेती, लमाणांचे तांडे, बायकांची आयुष्ये अशा असंख्य गोष्टींचे थर. सांगवीकराचा 'मी' येथे अनेक आवाजांत विरघळवण्याचा प्रयत्न आहे आणि तो प्रयत्न मोठा आहे. या कादंबरीवरचे पुष्कळसे आक्षेप मुळातच टिकणारे नाहीत. ती 'कोसला'सारखी नाही, हा आक्षेप तर हास्यास्पद आहे; पंचविशीतले पुस्तक सत्तरीत पुन्हा मागणे म्हणजे लेखकाला आपल्या तारुण्याचा राखणदार नेमणे होय. ती फार मोठी आहे, हेही तक्रारीचे कारण होऊ शकत नाही. अडगळ हा शब्द शीर्षकातच असताना घर आवरलेले का नाही, असे विचारण्यात अर्थ नाही.

टिकणारा आक्षेप वेगळा आहे. खंडेरावाच्या आणि इतरांच्या तोंडून येणारी अनेक मते वाचकाने यापूर्वी निबंधांत वाचलेली असतात. १९८३ मध्ये 'साहित्यातील देशीयता' या नावाने मांडला गेलेला आणि पुढे देशीवाद म्हणून वाढलेला विचार येथे पात्रांच्या आधी पानावर येऊन बसतो. कादंबरीत विचार असू नये, असे मला म्हणायचे नाही. विचाराला कादंबरीत प्रतिस्पर्धी मिळाला पाहिजे, एवढेच म्हणायचे आहे. 'हिंदू'तल्या वादांत दुसऱ्या बाजूला उभे केलेले लोक बहुधा आधीच हरलेले असतात. सांगवीकर चुकत असण्याची शक्यता 'कोसला'च्या प्रत्येक पानावर जिवंत होती. खंडेराव सिद्धान्त बोलू लागतो तेव्हा ती मावळते. याउलट मोरगावातले दैनंदिन व्यवहार, घरातल्या बायकांचे बोलणे, शेतीतली कष्टाची वर्णने येतात तेथे कोणी काही सिद्ध करीत नाही आणि कादंबरी एकदम उंच होते. म्हणजे दोन गर्भित लेखक एकाच पुस्तकात आहेत, आणि त्यांच्यातल्या एकाची आपली जुनी ओळख आहे.

येथे संस्कृत काव्यशास्त्राचा एक अडथळा उभा राहतो. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीची सात विघ्ने सांगितली आहेत. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाच्या अधीन असणे, हे त्यांतले एक. लेखकाच्या जुन्या पुस्तकाचे ओझे घेऊन नव्या पुस्तकाकडे जाणारा वाचक अशाच 'निजसुखादिविवशीभावा'ने ग्रासलेला नसतो काय? त्याची निराशा हे कृतीचे वैगुण्य न ठरता त्याच्या ग्रहणातले विघ्न ठरेल. आक्षेप वजनदार आहे. पण त्याच अभिनवगुप्ताच्या मते सहृदय हा जन्मतः सहृदय नसतो. काव्याच्या सततच्या अनुशीलनाने त्याचे मन आरशासारखे स्वच्छ झालेले असते. मग ज्या अनुशीलनाने 'कोसला'च्या वाचकाला ठाम आवाजातला खोटेपणा ऐकू येऊ लागला, ते अनुशीलन 'हिंदू' उघडताना त्याने कोठे ठेवावे? सहृदयत्व आणि अपेक्षा यांचा उगम एकच आहे. तेव्हा भेद अपेक्षांमध्येच केला पाहिजे. मागचा आनंद तसाच्या तसा पुन्हा मिळावा, ही अपेक्षा विघ्न आहे. मागच्या कृतीने जी कसोटी शिकवली ती पुढच्या कृतीला लावणे, हे विघ्न नव्हे.

याउसची 'अपेक्षाक्षितिजा'ची कल्पना या ठिकाणी अपुरी पडते, असे मला वाटते. त्याच्या मते क्षितिज मोडणे हे कृतीच्या मोठेपणाचे गमक आणि ते जसेच्या तसे पुरवणे हे रंजनाचे लक्षण. या न्यायाने प्रत्येक निराश वाचक मागासलेलाच ठरेल. परंतु 'हिंदू'ने निराश झालेला वाचक क्षितिज मोडले म्हणून कुरकुरत नाही. 'कोसला'ने मोडलेले क्षितिज, म्हणजे सर्व जाणणाऱ्या निवेदकाचे क्षितिज, येथे पुन्हा सांधले गेल्याचे त्याला दिसते. 'हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?' हा प्रश्न मराठीत नेमाड्यांनीच विचारला. तो वाचून वाढलेल्या वाचकाने तो प्रश्न विचारणाऱ्याकडे वळवला, तर त्यात कृतघ्नता कसली? तो घरचा आहेर आहे.

एक मुद्दा मात्र आपल्या पिढीच्या सोयीचा नाही. अलीकडे पदव्युत्तर वर्गात असे विद्यार्थी भेटतात ज्यांनी 'हिंदू' आधी आणि 'कोसला' नंतर वाचली. त्यांची निराशा उलट्या दिशेने जाते. घरून मिळणाऱ्या पैशांवर पुण्यात दिवस घालवणाऱ्या सांगवीकराची व्यथा त्यांना हात राखून केलेली वाटते. सांगवीच्या शेतावर राबणारी माणसे बोलत का नाहीत, असे ते विचारतात. बहुस्वरी गाव कसे ऐकावे हे त्यांना 'हिंदू'ने शिकवले, आणि ती कसोटी ते मागे नेऊन लावतात. वर केलेला भेद मान्य केला, तर ही निराशाही तितकीच अधिकृत मानावी लागेल. कालक्रम वाचकाला बांधून ठेवीत नाही. खांडेकर-फडक्यांना एके काळी 'कोसला'च्या वाचकांनी जसे मागे टाकले, त्याच घटनेला 'कोसला'ही अपवाद नाही. विश्राम बेडेकर याबाबतीत सुरक्षित राहिले; १९३९ च्या 'रणांगण'नंतर त्यांनी कादंबरी लिहिलीच नाही, त्यामुळे त्यांना त्यांच्याच दुसऱ्या कादंबरीने कोणी मोजू शकत नाही.

हा वाद केवळ अभिरुचीचा नाही. २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार नेमाड्यांना मिळाल्यानंतर अभ्यासविश्वात एक चमत्कारिक वातावरण तयार झाले. चर्चासत्रांतले निबंध देशीवादाच्या व्याख्येने सुरू होतात, 'हिंदू'तली उदाहरणे त्या व्याख्येखाली मांडतात आणि संपतात. प्रबंधात कादंबरीचा अपेक्षाभंग नोंदवणे हे धाडस समजले जाते. मार्गदर्शक ते वाक्य सौम्य करायला सांगतो. दुसऱ्या टोकाला, 'कोसलानंतर संपलाच तो' असे म्हणून सहाशे पानांना हातही न लावणारे आहेत. दोघांनाही कादंबरी वाचण्याची गरज उरलेली नाही. निराश होण्यासाठी ती पूर्ण वाचावी लागते, आणि ती कोठे निराश करते व कोठे करीत नाही याचे पानापानांवर उत्तर द्यावे लागते. त्या पानांवरचा गर्भित लेखक आपल्या म्हणण्याला प्रतिवाद करू शकेल इतकी जागा आपल्या निराशेत आहे काय, हेही तपासावे लागते.

हे काम 'हिंदू'बाबत मराठी समीक्षेने अजून पुरे केलेले नाही. मोरगावातल्या बायकांच्या बोलण्याची पाने आणि खंडेरावाच्या सिद्धान्तकथनाची पाने शेजारी ठेवून, पहिल्यांतले जग दुसऱ्यांतल्या विधानांना कोठे कोठे खोटे पाडते, हे पाहता येईल. तसे काही ठिकाणी घडते, असा माझा अंदाज आहे. तो खरा ठरला, तर वर घेतलेला आक्षेप मला पुष्कळसा मागे घ्यावा लागेल. कारण मग खंडेरावाचा प्रतिस्पर्धी त्याच्या घरातच, चुलीपाशी बसलेला असेल.