सेवा तिची, निर्णय कुणाचा?



सणाच्या तयारीची सभा आटोपल्यावर एका तरुणीने मला विचारले, "फादर, वेदीची सजावट, गायन, धर्मशिक्षण ही कामे आमची. मग ठरवताना आमचे मत का विचारत नाहीत?" "सेवा हेच खरे नेतृत्व," असे सांगून मी सुटका करून घेतली. उत्तर खरे होते, पण ते चुकीच्या व्यक्तीला दिले होते.

प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले आणि तसेच करण्यास सांगितले ते पुढारपण करणाऱ्यांना. आपण मात्र सेवा स्त्रियांच्या आणि अधिकार पुरुषांच्या वाट्याला दिला.

सिएनाची संत कॅथरीन ही रंगाऱ्याची मुलगी. तिच्याकडे पद नव्हते, शाळेचे शिक्षणही नव्हते. १३७६ साली, वयाच्या २९ व्या वर्षी, तिने आविन्योंला जाऊन पोप अकरावे ग्रेगरी यांना रोमला परतण्याचा आग्रह केला. पोपनी तिचे ऐकून घेतले आणि जानेवारी १३७७ मध्ये ते रोमला पोहोचले. १९७० साली पोप सहावे पॉल यांनी तिला ख्रिस्तसभेची आचार्य घोषित केले. २०२३ साली बिशपांच्या सिनडमध्ये स्त्रियांनी प्रथमच मतदान केले.

सत्य सांगण्याचा अधिकार पदातून येत नाही. ते ऐकण्याची जबाबदारी मात्र पदावरच्यांची असते. म्हणून पुढच्या सभेत ती तरुणी आधी बोलेल. आपण पुरुषांनी, आणि सर्वप्रथम मी, ऐकायचे आहे. तीही सेवाच आहे.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू