लाभ, अलाभ आणि माझा स्टॉप लॉस (गीता २.३८)



आजचा श्लोक दुसऱ्या अध्यायातला ३८ वा. सुख-दुःख, लाभ-हानी, जय-पराजय सगळं सारखं मान आणि मग युद्धाला उभा राहा, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. तसं केलंस तर तुला पाप लागणार नाही, असंही सांगतात. श्लोक एवढाच. पण माझा याच्याशी जुना हिशोब आहे, आणि काल ३७ वा संपवताना मला धाकधूक होती की आता हा येणार.

तुमच्यापैकी काहींना माहितीये, एप्रिल २०२३ मध्ये मी हिंजवडीतली नोकरी सोडून पूर्णवेळ ट्रेडिंग सुरू केलं. तेव्हा हा श्लोक मी पिवळ्या चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कोपऱ्यात चिकटवला होता. ट्रेडिंग शिकवणारे बरेच जण गीतेचा दाखला देतात. भावना बाजूला ठेवा, फळाकडे बघू नका, पैसा आपोआप येईल. मला ते फार पटलं. गीता आणि बँक बॅलन्स एकाच दगडात, आणखी काय पाहिजे?

पहिले नऊ महिने झकास गेले. मार्च २०२३ अखेर साडेसतरा हजारांच्या आत असलेला निफ्टी डिसेंबरअखेर पावणेबावीस हजारांच्या जवळ होता. चढत होता बाजार, आणि मला वाटलं मीच चढतोय. नफ्याच्या दिवशी मी टपरीवर सगळ्यांचे चहाचे पैसे द्यायचो. तोट्याच्या दिवशी लेकीच्या कार्टूनचा आवाजसुद्धा सहन व्हायचा नाही. चिठ्ठी समोरच होती. पण गंमत बघा, नफ्याच्या दिवशी एकदाही तिच्याकडे नजर गेली नाही. समत्व म्हणजे तोटा सोसायचं औषध, अशीच माझी समजूत होती. लाभसुद्धा सारखाच मानायचा असतो, हा अर्धा श्लोक मी वाचलाच नव्हता.

मग आला ४ जून २०२४, लोकसभेचा निकाल. शनिवारी एक्झिट पोल आले होते, सोमवारी ३ जूनला निफ्टी सव्वातीन टक्के उसळला होता. मी त्या दिवशी पुट विकून बसलो होतो. बाजार न करणाऱ्यांसाठी सांगतो, पुट विकणं म्हणजे विमा कंपनी होण्यासारखं आहे. हप्ता लगेच हातात येतो, आणि अपघात झाला की भरपाई आपल्या खिशातून. मंगळवारी सकाळी मतमोजणीचे आकडे यायला लागले आणि बाजार खाली जाऊ लागला. माझा स्टॉप लॉस लावलेला होता. साडेनऊच्या सुमारास भाव त्याच्या जवळ आला, आणि मी तो काढून टाकला.

काढताना चिठ्ठीकडे बघितलं, हे मला स्पष्ट आठवतंय. मनात म्हटलं, स्थिर राहा, लाभ-अलाभ सारखाच आहे, कशाला घाबरतोस.

निफ्टी त्या दिवशी जवळजवळ सहा टक्के खाली बंद झाला. मी मात्र बंद होईपर्यंत टिकलोच नाही. मार्जिन संपलं आणि दुपारच्या आत माझे सौदे आपोआप कापले गेले. सहा लाख चाळीस हजार गेले.

पैसे गेले ते गेले. आज लिहायचंय ते त्यानंतरच्या नऊ दिवसांबद्दल, कारण ते नऊ दिवस मी बायकोला काहीही सांगितलं नाही. रोज नऊ वाजता लॅपटॉप उघडून बसायचो, साडेतीनला बंद करायचो. जेवताना शांत असायचो. खरंच शांत! आणि खोटं वाटेल, पण मला त्याचा थोडा अभिमानही वाटत होता. एवढा फटका बसूनही आपण डगमगलो नाही, स्थितप्रज्ञाच्या वाटेवर दोन पावलं टाकली की काय आपण.

दहाव्या दिवशी सोसायटीच्या मेंटेनन्सवरून विषय निघाला आणि सगळं बाहेर आलं. ती ओरडली नाही. बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "अरे, तुला काहीच वाटत नाहीये का? समत्व तुझं, आणि ईएमआय माझ्या पगारातून?"

त्या वाक्याने मला गीता परत उघडायला लावली. तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं की या श्लोकात 'तू जिंकशील' असं कुठेच नाहीये. जिंकण्याचं आमिष ३७ व्या श्लोकात आहे, मेलास तर स्वर्ग, जिंकलास तर पृथ्वी. लगेच पुढच्याच श्लोकात भगवंत ते दोन्ही बाजूला ठेवायला सांगतात. मी मात्र ३८ वा श्लोक ३७ व्या श्लोकातलं फळ मिळवायला वापरत होतो. नफ्यासाठी नफ्याची आसक्ती सोडायची! असं समत्व टिकणार तरी कसं? ते पहिल्यापासून पैशालाच बांधलेलं होतं.

आणि स्टॉप लॉस काढणं हे तर समत्वाच्या बरोबर उलट होतं. तोटा खरंच सारखा मानला असता तर तो लहान असतानाच सहज घेतला असता. मला तोटा नको नव्हता असंही नाही, मला चुकलेलं नको होतं. सौदा उघडा आहे तोवर 'मी चुकलो' असं म्हणावं लागत नाही ना! आमच्या धंद्यात ही खोड इतकी जुनी आहे की शेफ्रिन आणि स्टॅटमन या दोन अभ्यासकांनी १९८५ मध्येच तिच्यावर लिहून ठेवलंय. लोक फायद्याचे शेअर घाईने विकतात आणि तोट्याचे धरून बसतात. मी त्याच खोडीला श्लोकाचं सोवळं नेसवलं, एवढाच फरक.

पण बायकोच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर अजून मला सापडलेलं नाही. स्वतःच्या दुःखाबद्दल समान राहणं ही साधना झाली. माझ्या निर्णयाचं दुःख दुसरा भोगत असताना मी समान राहिलो, तर ते काय? मला वाटतं, तिथे समत्व माझ्या हक्काचंच नाही. तिथे आधी सांगणं येतं, माफी मागणं येतं, हिशोब समोर ठेवणं येतं. मनाची शांती त्यानंतर आली तर आली.

अजून एक गोष्ट बोचते. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीचा अहवाल आला. मागच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात होते, सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख. म्हणजे माझ्या चांगल्या दिवसांत माझ्या समोरच्या बाजूला बरेचदा माझ्यासारखाच कोणीतरी असणार, आणि मधे ब्रोकरेज आणि कर दोघांकडूनही कापले जाणार. अर्जुनाला युद्ध करायला सांगण्याआधी भगवंत ३१ व्या श्लोकापासून त्याला त्याचा स्वधर्म सांगतात. अर्जुन व्हिडिओ बघून कुरुक्षेत्रावर आला नव्हता. मी ज्या रणात उभा आहे ते माझं आहे का, हे मी कोणाला विचारलं होतं?

सध्या निम्मा वेळ मी टेस्टिंगची फ्रीलान्स कामं करतो. ट्रेडिंग सुरू आहे, पण ऑप्शन विकणं बंद. दिवसाचा तोटा चार हजारांवर गेला की लॅपटॉप बंद, आणि आकडा त्याच दिवशी घरात सांगायचा. सांगायला अजूनही जड जातं, नफ्याचासुद्धा. चिठ्ठी काढून टाकलीये.

काल तीन हजार आठशे गेले. ती मेथी निवडत बसली होती. शेजारी बसलो, चार काड्या निवडल्या आणि सांगितलं. तिने मान वर न करता विचारलं, "स्टॉप लॉस होता?" म्हटलं, होता. म्हणाली, "बरं. दळण आणायचं राहिलंय, गिरणी आठला बंद होते."

उद्या ३९ वा श्लोक. राम कृष्ण हरी.