किती पल्ला पुरे?



रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात विजेवर चालणारी गाडी दिसली की आपण पहिला प्रश्न विचारतो, "एका चार्जिंगमध्ये किती जाते?" प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या आधीचा प्रश्न आपण क्वचितच विचारतो : आपल्याला जायचे किती असते?

नावड्याहून वाशीला कामावर जाऊन परत यायला 45 किलोमीटरांच्या आसपास लागतात. पनवेल, खारघर, बेलापूर त्याहून जवळ. सप्टेंबरात मौंट मेरीच्या सणाला बांद्र्याला जाऊन आलो तरी आकडा शंभराच्या आत राहतो. जुने गोवे मात्र पाचशेहून अधिक किलोमीटर दूर. तेथे संत फ्रान्सिस झेवियरच्या पवित्र अवशेषांचे जाहीर दर्शन दहा वर्षांतून एकदा असते. मागचे नोव्हेंबर 2024 ते जानेवारी 2025 मध्ये झाले.

आता गाड्यांकडे पाहू. 2001 साली बाजारात आलेली बंगळूरची रेवा एका चार्जिंगमध्ये 80 किलोमीटर जाई. 2020 मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉनचा आकडा होता 312, आणि 2024 मधल्या मोठ्या बॅटरीचा 489. हे चाचणीतले आकडे. एसी, बोरघाटाचा चढ, भरधाव वेग यांमुळे पल्ला घटतो. म्हणून तिसरा हिस्सा वजा धरावा. तरीही 312 मधले दोनशे उरतात. वाशीच्या चार फेऱ्या होतात. मग मन आणखी का मागते? बहुधा गरजेपोटी नव्हे, रस्त्यात अडकण्याच्या भीतीपोटी.

ही भीती जुनीच आहे. अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना मिळाला, तेव्हा रोज माणशी एक ओमर गोळा करण्याची आज्ञा होती. उद्याच्या काळजीने ज्यांनी साठवून ठेवला, त्यांच्या मान्नात किडे पडले. पण कोणी म्हणेल, दहा कुमारींच्या दाखल्यात प्रभूने जास्तीचे तेल बरोबर घेणाऱ्यांनाच शहाण्या म्हटले ना? खरे आहे. शिवाय शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट मान्ना गोळा करण्याची मुभा देवानेच दिली होती.

म्हणजे साठा करणे हे पाप नव्हे. शब्बाथ ठरलेला होता, वर येणार हेही ठरलेले होते; ती तरतूद माहीत असलेल्या गरजेसाठी होती. भीतीला मात्र माप नसते. तिला 300 दिले तर ती 500 मागते.

या जादा पल्ल्याची किंमत असते. मोठी बॅटरी म्हणजे मोठे कर्ज, आणि जादा वजन रोज वाहून नेण्यासाठी जास्त वीज. महाराष्ट्रातील बरीचशी वीज आजही कोळशापासून येते. बॅटरीसाठी लिथियम, तांबे आणि काही प्रकारांत कोबाल्ट जमिनीतून काढावे लागते. जगातील बहुतांश कोबाल्ट काँगोतून येतो. तेथील काही खाणींत लहान मुलेही राबली आहेत. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकायला सांगितले. तळोजा औद्योगिक वसाहतीच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला, एकाच्या सोयीचा धूर दुसऱ्याच्या घरात शिरतो, हे कोणी शिकवायला नको.

ज्याचा व्यवसायच गाडीवर चालतो, किंवा ज्याला आजारी माणसाला वारंवार दूर न्यावे लागते, त्याने मोठा पल्ला जरूर घ्यावा. त्याच्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार आपल्याला नाही. बाकीच्यांनी मात्र महिनाभर एक वही ठेवावी आणि रोजचे किलोमीटर लिहावेत. त्यात एखाद्या ठरलेल्या लांबच्या फेरीची भर घालावी. तेवढे आपले माप. दहा वर्षांतून एकदाच्या गोव्यासाठी कोकण रेल्वे आहे, वाटेत थांबून चार्जिंग आहे, आणि एखादे वेळी शेजाऱ्याची गाडी मागण्याची नम्रताही आहे.

त्याच वहीत आणखी एक रकाना आखावा : आज गाडीत किती जागा रिकाम्या गेल्या? आपल्याच इमारतीतील एखादी आजी रिक्षा परवडत नाही म्हणून मिस्सा चुकवत असेल, तर आपल्या गाडीचा पल्ला तिच्या दारापर्यंतही पोहोचलेला नाही.

रोजची भाकर मागायला शिकवणारा प्रभू आपल्याला पुरेसे किती, हे ओळखण्याची बुद्धी देवो. आमेन.