जीव घेतल्यानंतर

शिकार आणि कुरबानी यांत एक साम्य आहे. दोन्हींत माणूस जाणूनबुजून एक जीव घेतो आणि त्याचे मांस खातो. आपल्या देशात हरणाची शिकार आता गुन्हा आहे. काळवीट आणि चिंकारा हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्यांना मारणाऱ्यास तीन ते सात वर्षांची कैद आहे. तेव्हा माळावर काळवीट दिसले तर ते डोळे भरून पाहावे, इतकेच. किल्लारी-औसा भागातल्या सामान्य मुसलमानावर जीव घेण्याचा प्रसंग येतो तो बकरी ईदला. म्हणून प्रश्न कुरबानीच्या अंगाने विचारू. जीव घेण्याची परवानगी मिळाली, जनावर जबह झाले, की माणसाची जबाबदारी संपते का? की ती तिथूनच सुरू होते?

शिकारीबद्दल आपल्या धर्माने काय शिकवले ते आधी पाहावे. एहराम बांधलेल्या माणसाला जमिनीवरची शिकार हराम आहे. जाणूनबुजून केली तर तिची भरपाई करावी लागते, हे सूरह माइदामध्ये आले आहे. एका हदीसचा आशय असा, की तीर लागलेले जनावर पाण्यात मेलेले सापडले तर ते खाऊ नये. कारण ते तिराने मेले की बुडून, हे सांगता येत नाही. यातला बोध मोठा आहे. 'मी मारले, म्हणून ते माझे' एवढे पुरेसे नाही. ते कसे मेले याचाही हिशेब माणसाकडे असला पाहिजे.

आता कुरबानीकडे येऊ. नोकरीला लागलेला तरुण पहिल्यांदा स्वतःच्या कमाईची कुरबानी करतो, तेव्हा तो खूप चौकशी करतो. उस्मानाबादी बोकड वर्षाचा झाला आहे का, डोळा शाबूत आहे का, लंगडत तर नाही ना, सगळे विचारतो. मात्र सुरी फिरल्यानंतर काय करायचे, हे फारसे कुणी विचारत नाही. ते कसायाचे काम, असे समजून आपण बाजूला होतो.

ज्याची कुरबानी त्याने ही कामे माहीत करून घ्यावीत. जनावराला आदल्या रात्रीपासून चारा कमी द्यावा, पाणी मात्र भरपूर पाजावे. सुरी धारदार असावी, पण तिला धार त्याच्या डोळ्यांसमोर लावू नये. एका जनावरासमोर दुसरे कापू नये. रक्त पूर्ण वाहून जाईपर्यंत आणि जनावर पुरते शांत होईपर्यंत कातडीला हात लावू नये. घाईघाईने मान मोडणे हा जुलूम आहे. सोलताना केसाळ बाजू मांसाला लागू देऊ नये. आतडी, पित्त आणि मूत्राशय न फाडता काढावे, नाहीतर सगळ्या मांसाला वास लागतो. कसायाची मजुरी पैशाने द्यावी. मांस किंवा चामडे मजुरीत देता येत नाही, कारण अल्लाहच्या नावाने दिलेल्या वस्तूतून आपले देणे फेडायचे नसते.

यानंतरचा शत्रू म्हणजे ऊन. २०२३ मध्ये ईद २९ जूनला आली, २०२४ मध्ये १७ जूनला, २०२५ मध्ये ७ जूनला. पाऊस लांबला तर मराठवाड्यात या दिवसांत अंगाची काहिली होते. गरम मांस प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवले तर आतली ऊब निघत नाही आणि ते दुपारपर्यंत आंबते. मांस आधी सावलीत, वाऱ्यावर, जाळीदार कपड्याखाली थंड होऊ द्यावे. छोटे वाटे करावेत. कलेजी, गुर्दे त्याच दिवशी संपवावेत. फ्रीज गच्च भरला तर तो मांस थंड करू शकत नाही. आपल्या आज्या मांसाच्या पट्ट्यांना मीठ-हळद लावून दोरीवर वाळवीत. तेही ज्ञानच होते.

काही जण म्हणतात, फिकहप्रमाणे रक्त वाहिले की कुरबानी अदा झाली, मग मांसाचा एवढा विचार कशाला? वाजिब अदा झाले हे खरे. पण सूरह हजचा आशय असा, की मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोचत नाही, तुमचा तकवा पोचतो. त्याच सूरहमध्ये स्वतः खा आणि गरजूला खाऊ घाला, असेही सांगितले आहे. मग जे मांस नालीत गेले, ते कुणाला पोचले?

एका वर्षी मदिनेत उपासमारीने गांजलेले लोक आले होते. तेव्हा पैगंबरांनी (स.) कुरबानीचे मांस तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवायला मनाई केली. पुढच्या वर्षी खा, साठवा आणि वाटा, अशी मोकळीक दिली. म्हणजे साठवणे मुळात वाईट नाही. बाहेर भूक उभी असताना साठवणे वाईट. आपला डीप फ्रीझर भरण्याआधी दारात कोण उभे आहे, हे पाहायला नको का?

किल्लारीत हा प्रश्न थोडा वेगळा होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि माळवदे कोसळली आणि गाव नव्या जागी वसले. जुन्या गावात घराला घर लागून होते. एका घरात मांस शिजले की शेजाऱ्याला कळे, वाटा आपोआप पोचे. नव्या गावात रस्ते रुंद झाले, घरे लांब गेली. आता वाटा पोचवायचा तर मुद्दाम उठून जावे लागते. विधवेच्या, मजुराच्या घरी स्वतः जाणे हे कुरबानीचेच अंग मानले पाहिजे.

आपल्या आसपास लिंगायत, वारकरी शेजारी आहेत. त्यांतला एखादा कधी विचारतो, जीव घेताना तुमचे मन कसे धजते? या प्रश्नाला दलील देऊन भागत नाही. रस्त्यावर रक्त, नालीत आतडी आणि उकिरड्यावर सडके मांस दिसले, तर आपली प्रत्येक दलील खोटी ठरते. उरलेले अवयव शेतात खोल खड्ड्यात पुरले, अंगण धुऊन काढले आणि एकही तुकडा वाया गेला नाही, तर त्याला निदान एवढे तरी दिसेल, की आपण त्या जिवाची किंमत जाणतो.

जीव घेण्याचे काम क्षणाचे आहे. शेवटचा तुकडा कुणाच्या तरी पोटात जाईपर्यंत आणि शेवटचा डाग धुतला जाईपर्यंत त्या जिवाचे आपल्यावर देणे राहते. ते फेडायची तयारी नसेल, तर सुरी हातात घेताना माणसाने आपली नियत पुन्हा तपासावी.